धक्का कुणी खायचा?

गाडी घेताना बुशची चौकशी कुणी करत नाही. मायलेज विचारतात, रंग विचारतात, डिकीत किती पोती बसतील हेही आमच्याकडे विचारतात. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालताना खाली वाकून या भागाला कुणी कुंकू लावलेलं मी तरी पाहिलेलं नाही. मुठीत मावेल एवढी वस्तू. बाहेर एक लोखंडी नळी, आत तिच्याहून बारीक दुसरी नळी, आणि दोन्हींमधली जागा भरून टाकणारं काळं रबर. पुढच्या चाकाला जागेवर धरणारा जो लोखंडी हात असतो, ज्याला गॅरेजात लोअर आर्म म्हणतात, त्याच्या आतल्या बाजूला असे दोन बुश दाबून बसवलेले असतात. त्यांच्या पोटातून गेलेल्या बोल्टांवर तो हात गाडीला जोडलेला असतो. रस्त्यातला खड्डा आधी टायरला कळतो, मग स्प्रिंगला आणि शॉक ॲब्सॉर्बरला, आणि त्यांना चुकवून जे काही पुढे येतं ते या रबराला. त्यानंतर गाडीचा पत्रा, आणि पत्र्याच्या आत आपण.

आमची सेदान वीस वर्षं उलटलेली आहे. तिचं निम्मं आयुष्य कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या ट्रॅक्टरांमागून रांगण्यात गेलं. गळीत हंगामात त्या जोडट्रॉल्यांनी रस्त्यांचं काय होतं हे इकडच्या माणसाला सांगायला नको. परवाच्या पावसाळ्यानंतर ब्रेक दाबला की डावीकडून ‘टक्’ असा आवाज यायला लागला. ब्रेक सोडला की पुन्हा ‘टक्’. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी किंचित डावीकडे ओढायची, आणि त्या बाजूच्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेच्या कितीतरी पुढे झिजलेली होती. शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या मेस्त्रींनी गाडी घोडीवर घेतली, आर्मच्या सांध्यात टॉमी घातली आणि एकदाच दाबली. आर्म बोटभर सरकला.

“रबर ऱ्हायलंय कुठं ह्यात? गुडघं गेल्यात सर गाडीचं,” मेस्त्री म्हणाले.

गुडघ्याची उपमा उद्यमनगरात सगळेच देतात. ती ऐकायला पटते: सांधा आहे, मधली गादी झिजली आहे, हाडाला हाड लागतं आहे. पण गुडघ्यात एक हाड दुसऱ्यावर घसरतं, आणि घसरणं सोपं जावं म्हणून तिथे निसर्गाने वंगण ठेवलेलं असतं. रबरी बुशमध्ये काहीच घसरत नाही. आतली नळी बोल्टने गाडीला घट्ट आवळलेली, बाहेरची आर्मच्या भोकात दाबून बसवलेली, आणि मधलं रबर साच्यात शिजतानाच दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटलेलं. चाक वर गेलं की आर्म फिरतो, बाहेरची नळी त्याच्याबरोबर फिरते, आतली जागची हलत नाही. या दोघींच्या ओढाताणीत रबर पिळलं जातं. चाक खाली आलं की पीळ उलगडतो. बुशचं सगळं काम एवढंच, आणि ते तो लाखो वेळा करतो. वंगण लागत नाही. उलट तेल लागत राहिलं तर रबर फुगून भुसभुशीत होतं. फट नाही म्हणून आवाज नाही.

याच कारणाने जाणता मेस्त्री नवे रबरी बुश बसवल्यावर गाडी हवेत असताना शेवटचा बोल्ट आवळत नाही. गाडी जॅकवर असते तेव्हा चाकं लोंबत असतात, आर्म खाली झुकलेला असतो. तसंच आवळून टाकलं तर रबराची विश्रांतीची जागा तीच ठरते. मग गाडी जमिनीवर आली की ते उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून गाडी चाकांवर उतरवायची, तिचं वजन तिच्यावर येऊ द्यायचं, बॉनेटवर दाबून दोनचार हिसके द्यायचे, आणि मग माणसाने खाली सरपटत जाऊन पाना लावायचा. आमचे मेस्त्री हे करतात. बरेच जण करत नाहीत, कारण गॅरेजात खड्डा नसतो आणि मेस्त्रींना पोट असतं.

रबर मरतं कसं, हेही पाहण्यासारखं आहे. त्याला इंजिनाची उष्णता लागते, हवेतला ओझोन लागतो, गळक्या सीलमधून तेल लागतं. आधी पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा येतात, त्याही रबर जिकडे ताणलेलं असतं त्याला आडव्या. मग त्या खोल जातात. मग एखाद्या दिवशी रबर नळीपासून सुटतं, आणि इतकी वर्षं मध्ये कुणीतरी होतं म्हणून न भेटलेली दोन लोखंडं एकमेकांना भेटतात. आपण ऐकतो तो ‘टक्’ त्या भेटीचा. त्याआधीची सगळी झीज मुकाट्याने झालेली असते. म्हणून बुश बदलायला आलेला माणूस नेहमी म्हणतो, “कालपर्यंत गाडी एकदम चांगली होती.”

आता टाकायचं काय? कंपनीचा भाग घ्यावा तर आमच्या गाडीला अख्खा आर्मच घ्यावा लागतो. बाजारातला डुप्लिकेट बुश स्वस्त, पण त्यातलं रबर कसलं, हे तो फाटेपर्यंत कळत नाही. मेस्त्रींच्या भाच्याने तिसरा मार्ग दाखवला. त्याच्या डोक्यात सदैव रॅली चाललेली असते, आणि कोल्हापुरात ती एकट्याच्या डोक्यात नसते. त्याने फळीवरून एक पुडी काढली आणि जांभळ्या रंगाचे, गुळगुळीत, खेळण्यातल्यासारखे दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले.

“पीयू टाका सर. परत बुशचं नाव काढायला नको.”

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. मी नखाने दाबून पाहिलं, नखच वाकलं. अशा वस्तूंचा कडकपणा मोजायला शोअर नावाची मोजपट्टी आहे, बारीक टोचणी किती आत जाते त्यावरून अंक देणारी. तिच्या ‘ए’ श्रेणीवर गाडीच्या रबरी बुशचा आकडा साधारण ५५ ते ६५ च्या आसपास असतो. पीयूचे बुश ८० ते ९५ पर्यंत जातात. रंग दिसायला बरे म्हणून तर असतातच, पण काही उत्पादक कडकपणाप्रमाणे रंग ठरवतात: रस्त्यासाठी एक, शर्यतीसाठी दुसरा. भाच्याला शर्यतीचा हवा होता. मेस्त्रींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

ही वस्तू रबरापेक्षा पुष्कळ तरुण. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेनला ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती बनवली. बायर कंपनीच्या संस्थापकाशी त्याचं काही नातं नव्हतं, नाव तेवढं सारखं. दोन द्रव एकत्र आणले की त्यांचे रेणू एकमेकांना धरत लांबच लांब साखळ्या करतात आणि द्रवाचं घन होतं. त्यात पाण्याचा अंश असला तर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि सगळं फुगून येतं. सुरुवातीला हे बुडबुडे म्हणजे दोष वाटला. पुढे त्या दोषावरच जगभरचे सोफे, गाद्या आणि गाड्यांच्या सीटा उभ्या राहिल्या. माझ्या हातावरचा नखाला न जुमानणारा तुकडा आणि ज्या सीटमध्ये बसून मी गाडी चालवतो तिच्या आतला फोम, दोघे एकाच कुळातले. मला हे कळल्यावर उगीचच गंमत वाटली. एका घरात एक भाऊ पोलिसात आणि दुसरा गायनात असावा तशी.

कुळातला तिसरा भाऊ बुटांच्या तळव्यात असतो, आणि त्याच्यामुळे मी जरा सावध होतो. लग्नकार्यासाठी जपून ठेवलेले बूट काही वर्षांनी कपाटातून काढावेत आणि कार्यालयाच्या पायरीवर तळव्याचा भुगा व्हावा, हा अनुभव बऱ्याच घरांत आहे. वापरून झिजलेले नसतात ते. नुसते ठेवून संपलेले असतात. एका जातीच्या पॉलियुरेथेनला दमट हवा आतून तोडते. साखळ्यांच्या ज्या कड्या एस्टरच्या असतात, त्यांना पाणी हळूहळू फोडत जातं. ईथरच्या कड्या असलेली जात पाण्याला टिकते, तेलापुढे मात्र थोडी कमी पडते. गगनबावड्याच्या पावसात फिरणाऱ्या गाडीला कुठली जात हवी हे उघड आहे. पण पुडीवर ते छापलेलं नव्हतं, आणि भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, “इंपोर्टेड हाय.”

मी ते बसवून घेतले.

जुने बुश काढणं हा वेगळाच सोहळा. आर्म सोडवून फळीवर आणला. एका बाजूचा बुश प्रेसखाली जुनी बेअरिंगची रिंग आणि पाइपचा तुकडा लावून निघाला. दुसऱ्या बाजूची नळी गंजून आर्मशी एकजीव झाली होती. तेव्हा भाच्याने गॅसची ज्योत लावली आणि रबर जाळलं. काळा, चिकट धूर उठला आणि त्या धुरात गंधकाचा वास होता. रबराला रबरपण देणारी वस्तू शेवटी अशी वासातून बाहेर पडते. झाडाचा नुसता चीक वाळवला तर उन्हात चिकट होतो आणि थंडीत कडक होऊन मोडतो. त्यात गंधक मिसळून तापवलं की त्याच्या सैल साखळ्या एकमेकींना ठिकठिकाणी बांधल्या जातात, ताणलं तरी परत येतात. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला हे १८३९ मध्ये सापडलं. त्याने बनवलेल्या रबराचे नमुने स्टीफन मोल्टन नावाच्या माणसाने इंग्लंडला नेले. ते टॉमस हॅनकॉकच्या हाती पडले, त्याला त्यांत गंधकाची चाहूल लागली, आणि गुडइयरला पेटंट मिळायच्या आधीच त्याने इंग्लंडमध्ये अर्ज ठोकला. गुडइयर १८६० मध्ये कर्जात वारला. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ ची. तिच्याशी त्याच्या घरच्यांचा संबंध नाही.

नमुने नेणारा मोल्टन मात्र इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन गावी स्थिरावला, १८४८ मध्ये तिथल्या जुन्या गिरणीत त्याने रबराचा कारखाना काढला. त्याचा पणतू ॲलेक्स मोल्टन. १९५९ च्या मिनी या गाडीसाठी अ‍ॅलेक इसिगोनिसने त्याच्याकडे सस्पेन्शन मागितलं, तेव्हा त्याने लोखंडी स्प्रिंगच काढून टाकली आणि तिच्या जागी रबराचा शंकू बसवला. इतक्या लहान गाडीत चार माणसं बसली की वजन एकदम पुष्कळ वाढतं. दाबाबरोबर कडक होत जाणारा शंकू ते सांभाळून घेई. जगातल्या सर्वांत लाडक्या गाड्यांपैकी एक नुसत्या रबरावर उभी होती, हे भाच्याला सांगितलं तर त्याचा विश्वास बसला नाही.

पीयू बसवणं त्यामानाने अगदी सोपं निघालं. प्रेस लागलाच नाही. बुश दोन अर्ध्यांत येतो. दोन्ही बाजूंनी हाताने दाबून बसवायचा आणि मधून स्टीलची नळी घालायची. इथे काही चिकटवलेलं नसतं. नळी पीयूच्या आत मोकळी फिरते, म्हणजे गुडघ्याची उपमा जर कुठे लागू पडत असेल तर ती इथे. वंगणही लागतं, तेही साधं नाही, सिलिकॉनचं. फिरायला मोकळा असल्यामुळे गाडी चाकांवर उतरवून बोल्ट आवळण्याची गरज उरत नाही. मेस्त्रींना ती गोष्ट आवडली.

आणि गाडी? गाडी तरुण झाली. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. स्टिअरिंग वळवायचं आणि गाडीने वळायचं, यांच्यामध्ये इतकी वर्षं एक क्षणभराचा सैल विचार असायचा, तो नाहीसा झाला. ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं मागे ओढली जायची ती थांबली. कळे ओलांडून गगनबावड्याकडे जाताना प्रत्येक वळण हाताला आधी कळायला लागलं. खडी कुठे आहे, पॅच कुठे संपतो, कडेचं डांबर कुठे खचलंय, हे पाहण्याआधी तळहातांना ठाऊक. करूळचा घाट मी त्या दिवशी जरा वेगातच उतरलो. मेस्त्रींच्या भाच्याची रॅली माझ्याही डोक्यात चालू झाली होती.

मागे आई होती. आम्ही वैभववाडीला मामाकडे निघालो होतो. घाट उतरून झाल्यावर मी आरशात पाहत म्हटलं, “आई, बघ, आता रस्ता कसा कळतो.”

आई म्हणाली, “मला काय करायचंय रस्ता कळून? मला पोचायचंय.”

त्यानंतर तिने पाठीमागे शाल घडी करून घेतली आणि वैभववाडी येईपर्यंत बोलली नाही.

गाडी सुधारते म्हणतात तेव्हा ती कुणासाठी सुधारते, हा प्रश्न माझ्या मनात तिथे आला आणि तो गेला नाही. हातात स्टिअरिंग असलेल्याला रस्त्याची बातमी हवी असते. ती बातमी येते कंपनांतून, आणि कडक बुश ती कमी गाळून पुढे पाठवतो. पण मागे बसलेल्याला त्या बातमीचा काहीच उपयोग नसतो. त्याला ना वेग कमी करता येतो, ना खड्डा चुकवता येतो. चालवणाऱ्याला जी माहिती, ती मागच्याला नुसता धक्का. बरं, चालवणाऱ्याला खड्डा येणार हे आधी दिसलेलं असतं; त्याचं अंग तयार असतं, हात धरायला चाक असतं. मागचं माणूस वर्तमानपत्र वाचत असतं नाहीतर डुलकी घेत असतं. आणि बहुतेक घरांत मागे कोण बसतं? ज्यांच्या पाठी आधीच दुखताहेत ते.

गाड्या बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, आपल्याला नसतं. बुशचा मऊपणा म्हणजे कंपनीने वाचवलेले पैसे, असा गॅरेजात समज आहे. काही बुश तसे असतीलही. पण लोअर आर्मचे दोन बुश कापून शेजारी ठेवा: एक भरीव, आणि दुसऱ्यात मूत्रपिंडाच्या आकाराच्या दोन पोकळ्या. त्या पोकळ्या रबर वाचवण्यासाठी नसतात. रबर दाबलं तर आकार बदलतं, आकारमान जवळजवळ बदलत नाही. त्याला फुगायला जागा मिळाली नाही तर ते भिंतीसारखं ताठ उभं राहतं. पुलांच्या तुळयांखाली रबर आणि पोलादी पत्रे यांचे थर लावतात, ते हजारो मणांचं वजन पेलतात ते याच स्वभावावर. म्हणून बुशमध्ये जिकडे पोकळी, तिकडे मऊ. जिकडे भरीव, तिकडे कडक. चाकाच्या रेषेत असलेला भरीव बुश वळणावरचा आडवा जोर अंगावर घेतो आणि हलत नाही. मागचा पोकळीचा बुश मात्र खड्डा आला की चाकाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागे सरकू देतो. चाक क्षणभर माघार घेतं, खड्ड्याच्या कडेवरून वर चढतं, आणि पुन्हा जागेवर येतं. ती माघार कुणीतरी कागदावर काढलेली असते, मोजलेली असते, चाचणीच्या रस्त्यावर महिनोन्‌महिने घासून ठरवलेली असते.

याहून पुढे गेलेली माणसंही आहेत. १९७७ च्या पोर्शे ९२८ मध्ये मागच्या चाकांच्या जोडणीत असा लवचीकपणा मुद्दाम ठेवला होता, की वळणात चालकाने दचकून ॲक्सिलरेटर सोडला तर मागची चाकं आपोआप किंचित आत वळावीत आणि गाडीने गरकन गिरकी घेऊ नये. माणूस घाबरणार हे धरून केलेला मऊपणा होता तो. अशा गाडीत सगळीकडे दणकट पीयू ठोकणारे महाभाग तिचा शहाणपणा काढून टाकतात आणि वर ‘अपग्रेड’ केलं म्हणतात.

पीयू टिकतो, यात वाद नाही. पण टिकणाऱ्या वस्तूबद्दल आपण एक विचारत नाही: ती झिजली नाही, तर तिच्याऐवजी काय झिजलं? धक्का तर तेवढाच आला. रबर तो आपल्या पिळात घेतं, त्यातला काही उष्णतेत घालवतं, आणि वर्षानुवर्षं तो खात खात स्वतः संपतं. संपणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे, फ्यूजच्या तारेइतका. पीयूनेही थोडा घेतला असेल. बाकीचा पुढे गेला: सबफ्रेमच्या बोल्टांकडे, पत्र्याच्या स्पॉट वेल्डिंगकडे, डॅशबोर्डच्या क्लिपांकडे, आणि तिथून पुढे शालीच्या घडीपर्यंत. आमच्या गाडीचा डॅशबोर्ड त्या दिवसांत बोलायला लागला होता. ग्लव्हबॉक्सच्या झाकणाचा एक आवाज, मीटरच्या काचेचा दुसरा. आणि पावसाचं पाणी बसून वंगण धुतलं गेलं तेव्हा खुद्द बुशही कुरकुरायला लागले, स्पीडब्रेकरवर जुन्या लाकडी पलंगासारखे. ते सोडवून, पुसून, पुन्हा सिलिकॉन लावलं की गप्प बसतात, पुढच्या पावसापर्यंत.

मेस्त्रींकडे परत गेलो तेव्हा भाचा म्हणाला, “सर, मग सीटची गादी जाड करून घ्या.” उपाय अगदी चुकीचा नव्हता. पॉलियुरेथेनच्या कडक भावाने केलेलं मऊ भावाने निस्तरायचं. पण मेस्त्रींनी वेगळंच विचारलं, “गाडीत जास्त वेळ कोण बसतंय, ते सांगा.”

खरं उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला. मग आम्ही असं केलं: चाकाच्या रेषेतले पुढचे बुश पीयूचेच ठेवले, वळणावरचा नेमकेपणा बराचसा तिथून येतो. गाडीला वळणात कलू न देणारी आडवी दांडी असते, त्या अँटीरोल बारचेही पीयूचे घातले, कारण तिथे रबर मऊ असण्याने मागच्या माणसाला फारसं काही मिळत नाही आणि ते सगळ्यात आधी जातं. खड्ड्याला माघार देणारे मागचे दोन बुश मात्र रबराचे. कंपनीचे आर्म शेवटी एका जुन्या दुकानदाराकडे निघाले. त्यातले बुश काढून आमच्या आर्ममध्ये घातले. मी मेस्त्रींना डिकीतून चटई काढून दिली आणि त्यांनी गाडी चाकांवर उतरवूनच बोल्ट आवळले. गाडी आता पहिल्याइतकी तल्लख नाही. हाताला थोडं उशिरा कळतं. आईला फरक सांगितला नाही, तिने विचारलाही नाही. शाल मात्र खांद्यावर असते, पाठीमागे नसते.

पुढच्या हिवाळ्यात आजऱ्यावरून आंबोली उतरून दोडामार्गला जाणं झालं. त्या बाजूला, तिळारीच्या खोऱ्यात, केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी रबर लावलं, मग त्यांचं बघून स्थानिकांनीही. जंगल तोडून एकाच झाडाच्या रांगा उभ्या कराव्यात का, यावर तिथे वाद आहे, आणि हत्ती हिंडतात त्या मुलखात तो असायलाच हवा. मला स्वतःला त्या रांगा पाहून फार बरं वाटत नाही; झाडं असून जंगल नाही. पण चीक काढताना कधी पाहिलेलं नव्हतं म्हणून पहाटे एका बागेत गेलो. सालीवर तिरका, अर्ध्या बुंध्याभोवती उतरत जाणारा काप. सुरी लाकडापर्यंत जाऊ द्यायची नाही, नुसती साल सोलायची. दुधासारखा चीक कापाच्या खाचेतून उतरत करवंटीत थेंब थेंब पडतो. ऊन चढलं की धार मंदावते, म्हणून काम उजाडायच्या आत. त्या चिकात रबर साधारण एक तृतीयांश, बाकी बहुतेक पाणी. आम्ल घालून तो गोठवायचा, रुळांतून दाबून पत्रे करायचे, धुरीत वाळवायचे.

बागेचा मालक माझ्या वयाचा, मालवणी वळणाचं मराठी बोलणारा. भाव पडल्याचं त्याने सविस्तर सांगितलं, मजूर मिळत नाहीत हेही. शेडमध्ये वाळलेल्या पत्र्यांच्या थप्प्या होत्या आणि बाहेर त्याची पिकअप उभी होती, पाट्यांच्या स्प्रिंगांची. मागच्या पाट्याच्या डोळ्यात लालभडक काहीतरी दिसलं म्हणून मी वाकून पाहिलं.

“पीयू?”

“होय तर. ह्या रस्त्यांवर रबर टिकतंय कुठं?” तो म्हणाला. पाठीमागे त्याच्याच रबराची थप्पी होती, पण त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी विचारलं, गाडीत मागे कोण बसतं. “रबर बसतं,” तो म्हणाला. मग त्याने माझ्या गाडीखाली पाहिलं, दोन जातींचे बुश ओळखले, आणि कोल्हापुरात आर्म प्रेस करून द्यायचे किती घेतात ते विचारलं. मी आकडा सांगितला. सावंतवाडीत त्याहून जास्त घेतात म्हणे. त्याने मेस्त्रींचा नंबर लिहून घेतला.